तुळजापूरला दर्शनाला येतोय, दोन दिवस मोकळे आहेत, बरोबर दहा-बारा वर्षांची दोन मुलं. धाराशिव जिल्ह्यात लहानसं म्युझियम, जुनी ठिकाणं बघण्यासारखी आहेत का?

आहेत की, भरपूर आहेत. पण तुळजापूरला आलेली बहुतेक मंडळी दर्शन झालं की लगेच अक्कलकोट नाहीतर पंढरपूरचा रस्ता धरतात आणि तेर राहूनच जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझं ऐकाल तर दोनातला एक अख्खा दिवस तेरला द्या.

तेर म्हणजे धाराशिवपासून तीसेक किलोमीटरवर तेरणा नदीकाठचं गाव. आज बघाल तर साधं गाव, एसटी स्टँड, हॉटेलं, किराणा दुकानं. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात पैठण आणि तगर या दोन गावांची नावं आहेत. तगरचं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायची आणि तिथून जहाजात, असं त्यात आहे. मुलांना नकाशावर आधी तेर दाखवा, मग भडोच दाखवा, आणि बैलगाडीने किती दिवस लागत असतील ते त्यांनाच काढू द्या.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आहे. लामतुरे तेरचेच. तेरच्या आजूबाजूला पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची मातीची टेकाडं आहेत, पाऊस पडून माती वाहिली की मणी, नाणी, मातीची खेळणी वर येतात, लोकांच्या हाताला लागतात. लामतुरेंनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या आणि तोच संग्रह पुढे शासनाकडे गेला. त्या काळी गावातल्या एका माणसाला फुटक्या खापरात काहीतरी दिसलं म्हणून हे सगळं आज तेरमध्येच आहे, नाहीतर कुठल्या कुठे गेलं असतं. मला तरी या म्युझियममधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आत गेल्यावर हस्तिदंताची बाई शोधा. छोटीशीच बाहुली आहे, घाईत असाल तर नजरेतून सुटेल. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पॉम्पेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिकडे पोचलेली होती. आणि तिच्या जवळची वाटावी अशी ही बाई आपल्या तेरच्या मातीत! याशिवाय मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, सातवाहनांची नाणी आहेत. मण्यांपाशी थांबा, त्यांना पाडलेली भोकं बघा, इतक्या कडक दगडाला इतकं बारीक भोक कसं पाडलं असेल हे मुलांना विचारा, उत्तरं भारी येतात.

आता एक महत्त्वाचं, म्युझियम आधी आणि देवळं नंतर हा क्रम ठेवा. कारण उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी दारचौकट म्युझियममध्ये ठेवलीय आणि देऊळ गावात आहे. चौकट नीट बघून मग देवळाकडे चालत गेलात की ती तिथे कशी बसत असेल ते आपोआप कळतं. देऊळ विटांचं आहे, नक्षीसुद्धा विटांवरच. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असं गावात सांगतात, मातीत तूस मिसळून भाजलं की तूस जळून आत पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते, त्यामुळे. त्रिविक्रमाचं देऊळ तर अजिबात चुकवू नका. तेही विटांचंच, मागची बाजू अर्धगोल आणि वरचं छत कार्ल्याच्या लेण्यासारखं कमानदार. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं ठिकाण असावं असं अभ्यासक मानतात, आज आत पाय उचललेला त्रिविक्रम, म्हणजे वामन अवतारातला विष्णू आहे आणि पूजा चालू आहे. इतकी जुनी वास्तू वापरात आहे म्हणूनच टिकली असं मला वाटतं. जवळच गोरोबाकाकांची समाधी आहे, तिथे माथा टेका.

दोन गोष्टींची काळजी घ्या. सरकारी म्युझियम बहुतेक सोमवारी बंद असतात, तर सोमवार टाळा. आणि पांढरीवर फिरताना खापराचा तुकडा सापडला तर मुलांना हातात घेऊन बघू द्या पण तिथेच ठेवायला लावा, खिशात घालून घरी आणला की तो नुसता तुकडा उरतो. म्युझियममधल्या काका-मामांशी बोला, पाटीवर नसलेली माहिती त्यांच्याकडे असते, फक्त फोटो काढायच्या आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन आणि मग नळदुर्ग, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे. बोरी नदी अडवून किल्ल्यातच धरण बांधलंय आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. पावसाळ्यात धरण भरलं की भिंतीवरून दोन ठिकाणी पाणी पडतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि तुम्ही आत खिडकीत उभे असता आणि समोरून पाणी कोसळत असतं. उन्हाळ्यात हे दिसणार नाही, तरी जा, पाणी नसताना बांधकाम उलट नीट बघता येतं. पायऱ्या निसरड्या असतात, मुलांचा हात सोडू नका. उपळी बुरुजावरही चढा, सगळा किल्ला एका नजरेत येतो.

परंडा मात्र या दौऱ्यात बसवू नका, बार्शीच्या पलीकडे आहे, धावपळ होईल. पण कधी बार्शीला आलात तर परंड्याचा भुईकोट नक्की बघा, विजापूरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये तिथूनच नेलेली आहे. धाराशिव लेणी शहराजवळच आहेत, तेरहून परतताना तास-दीड तास उजेड असेल तर होऊन जातील. स्वतःची गाडी नसेल तर तेरला धाराशिवहून एसटी आहे, परतीची शेवटची गाडी कितीला ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा.