डीएमआर आयडी: नंबर कुणाचा आणि कशासाठी?

सीमाभागातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या हातात आता डीएमआरचे (डिजिटल मोबाइल रेडिओ) सेट दिसायला लागलेत, आणि त्याबरोबर सेटमध्ये भरायच्या सात आकडी ओळख क्रमांकाबद्दलचे, म्हणजे आयडीबद्दलचे प्रश्नही आलेत. त्यातले काही इथे घेतो.

प्रश्न (खानापूर): ऑनलाइन डीएमआर हँडसेट मागवला. चालू केल्यावर आयडी टाका म्हणतोय. लायसन्स अजून काढलेलं नाही. तात्पुरता कुठला तरी नंबर टाकून नुसतं ऐकलं तर चालतंय की?

नाही चालत. आपल्याकडे बोलणं सोडाच, ट्रान्समीटर असलेला सेट बाळगायलाही परवाना लागतो. कुरियरवाल्याने दारात आणून दिला म्हणजे तो कायदेशीर झाला असं होत नाही. आधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या शाखेची, परीक्षा द्या. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही बसू शकतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेतली अधिकृत ओळख) मिळतो, जनरल ग्रेडला व्हीयू२ ने. तो हातात आला की या आयडींची नोंदवही ठेवणाऱ्या रेडिओआयडी डॉट नेटवर खातं उघडायचं, लायसन्सची स्कॅन केलेली प्रत जोडायची आणि अर्ज करायचा. पैसे पडत नाहीत. तोवर सेट डब्यातच बरा.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): या नंबरमध्ये राज्य असतं का? मी बेळगावात आणि माझा मामेभाऊ चंदगडला, म्हणजे तो महाराष्ट्रात. दोघंही हॅम आहोत. आमचे नंबर वेगळ्या पद्धतीने सुरू होतील काय?

दोघांचेही ४०४ नेच. पहिले तीन आकडे देशाचे, आणि हे आकडे हॅम लोकांनी बसवलेले नाहीत. मोबाइल नेटवर्कसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रत्येक देशाला जे कोड दिले, तेच इथे उचललेत. भारताला मिळालेल्या कोडांत ४०४ आणि ४०५ आहेत. तुमच्या सिमकार्डाच्या पोटात जो ओळख क्रमांक असतो, तोही यातल्याच एकाने सुरू होतो. पुढचे चार आकडे नोंदवही सांभाळणारे देतात. ते मागून मिळत नाहीत, तेव्हा गाडीच्या नंबरसारखी ‘आमचा लकी नंबर द्या’ अशी चिठ्ठी जोडू नका.

कॉलसाइनचंही तसंच. व्हीयू२, व्हीयू३ यातला आकडा ग्रेड सांगतो, राज्य सांगत नाही. अर्जात गाव आणि राज्य लिहावं लागतं, पण ते नुसतं माहितीसाठी. बेळगाव लिहा नाहीतर बेळगावी, नंबरला त्याचं काही पडलेलं नाही. सीमाभागात असा एखादा कागद सापडणं विरळाच.

सातच आकडे का, हेही सांगून टाकतो. डीएमआरमध्ये पाठवणाऱ्याच्या ओळखीला २४ बिट ठेवलेत, म्हणजे जास्तीत जास्त १ कोटी ६७ लाखांच्या आसपास नंबर. त्यात सात आकडी नंबर आरामात मावतो. तुम्ही पीटीटी (बोलायचं बटण) दाबलात की आवाजाच्या आधी जी सुरुवातीची माहिती जाते, तिच्यात तुमचा आयडी आणि ज्या टॉकग्रुपवर, म्हणजे बोलणाऱ्यांच्या ज्या गटात, बोलताय त्याचा नंबर असतो. पुढे बोलत असतानाही ती दर ३६० मिलिसेकंदाला आवाजाच्या मधून फिरून जाते. म्हणून मध्येच सेट चालू करणाऱ्यालाही क्षणभरात तुमचं नाव स्क्रीनवर दिसतं. नाव मात्र हवेतून येईलच असं नाही. बहुतेक वेळा ते त्याच्या सेटमध्ये भरलेल्या यादीतून येतं. यादी जुनी असेल तर नुसता आकडा दिसणार.

प्रश्न (निपाणी): घरच्या हॉटस्पॉटवरून (सेटला इंटरनेटशी जोडणारी डबी) बोलतो, सेटवर लाल दिवा लागतो, पण नेटवर्कवर काहीच जात नाही. मित्राचा सेट आणला, तोही तसाच. हॉटस्पॉट खराब आहे का?

मला तसं वाटत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या असाव्यात.

मित्राच्या सेटचं आधी. पाय-स्टारसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट ‘प्रायव्हेट’ ठेवला असेल तर तो फक्त मालकाच्या आयडीला दाद देतो. मित्राचा आयडी वेगळा, म्हणून त्याला बाहेरच ठेवलं. हा दोष नाही, कुलूप आहे.

आता तुमचा सेट. हॉटस्पॉटचा लॉग उघडा, पीटीटी दाबा आणि कुठला आयडी नाकारला गेला ते एक-एक आकडा बोट ठेवून वाचा. मी पाहिलेल्या एका कोडप्लगमध्ये (सेटच्या सेटिंगची फाइल) ४०४ च्या जागी ४४० पडलं होतं. आकडा सातच होता, सेटने गुमान घेतला. पण ४४० हा जपानचा कोड. त्या गृहस्थांची शहापुरातल्या माडीवर बसून जपानी म्हणून नोंद होत होती! दुसरी नेहमीची चूक म्हणजे आयडी कॉन्टॅक्टच्या यादीत भरायचा, आणि ‘रेडिओ आयडी’च्या रकान्यात कारखान्यातून आलेला १ किंवा १२३४५६७ तसाच सोडायचा. काही सेटमध्ये रेडिओ आयडीची यादी असते आणि प्रत्येक चॅनेलला त्यातला कुठला लावायचा हेही निवडावं लागतं, तेही बघा. दुरुस्त करून झाल्यावर ९९९० या पॅरटवर (बोललेलं परत ऐकवणारा नंबर) प्रायव्हेट कॉल लावा. तुमचाच आवाज परत ऐकू आला की काम झालं.

प्रश्न (खडेबाजार, बेळगाव): एक हॉटस्पॉट दुकानात, एक वडगावच्या घरी. दोन्ही चालू केले की एक सारखा तुटतो. दुसरा आयडी घ्यावा का?

नको. हॉटस्पॉट ज्या डीएमआर नेटवर्कला जोडतात त्या ब्रँडमायस्टरला एकाच नावाची दोन यंत्रं लॉगिन करताना दिसली की ती एकमेकांना ढकलत बसतात. तुमच्याच आयडीच्या शेवटी दुकानासाठी ०१ आणि घरासाठी ०२ जोडा. हा नऊ आकडी नंबर फक्त हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये टाकायचा, सेटमध्ये कधीही नाही. २४ बिटांत तो मावतच नाही. सेट तीन असोत की चार, सगळ्यांत तोच सात आकडी आयडी चालतो. अडचण आलीच तर प्रायव्हेट कॉल किंवा मेसेज नेमका कुठल्या सेटला पोचवायचा, याची येते.

आणि हो, सहा आकडी आयडी रिपीटरसाठी (सिग्नल उचलून पुढे पाठवणारं केंद्र) असतो. घरच्या डबीएवढ्या हॉटस्पॉटसाठी तो मागू नका.

प्रश्न (चिकोडी): रिस्ट्रिक्टेडचं जनरल झालं, कॉलसाइन बदलला. आयडी बदलणार का?

आयडी तोच ठेवा. नवीन लायसन्सची प्रत पाठवून नोंदीतला कॉलसाइन तेवढा बदलून घ्या, आणि ब्रँडमायस्टरचं खातंही बघा.

प्रश्न (संकेश्वर): आमच्या ग्रुपमधला एक जण माझाच आयडी घालून बोलतोय. त्याचं म्हणणं, त्यात काय बिघडलं? हे थांबवता येतं का?

हवेत नाही थांबवता येत. कुणीही कुठलाही आकडा टाइप करून पीटीटी दाबू शकतो, आणि तो खरोखर तुम्हीच का, हे सेट तपासत नाही. ब्रँडमायस्टरमध्ये हॉटस्पॉटसाठी स्वतःचा पासवर्ड ठेवता येतो. त्याने तुमच्या नावावर दुसऱ्याचा हॉटस्पॉट जोडला जाणार नाही. तेवढं आजच करा. पण दुसऱ्या कुणाच्या उघड्या हॉटस्पॉटवरून तो बोलला तर नुकतंच कोण बोललं ते दाखवणाऱ्या ‘लास्ट हर्ड’च्या यादीत तुमचंच नाव झळकणार.

त्याला एवढं सांगा की कायद्यापुढे ओळख कॉलसाइनची आहे आणि तो तोंडाने सांगायचा असतो. स्क्रीनवर नाव दिसतंय म्हणून कॉलसाइन गाळणारे आता फार झालेत, मला ते पटत नाही. आयडी ही यंत्रांची सोय आहे. लायसन्स असेल तर त्याने स्वतःचा फुकटचा आयडी काढावा. नसेल, तर तुम्ही त्याला सेटला हात लावू देता कामा नये.

प्रश्न (गोकाक): २०१९ सारखा पूर आला तर ज्यांच्याकडे आयडी नाही असे हॅम डीएमआरवर मदत करू शकतील का?

सेट ते सेट, म्हणजे सिम्प्लेक्सवर, करू शकतील. तिथे नोंदवही तपासणारा सर्व्हर मध्ये नसतो. फ्रीक्वेन्सी, कलर कोड, टाइमस्लॉट आणि टॉकग्रुप ही सेटिंगं दोन्ही सेटमध्ये जुळली की आवाज येतो. फक्त दोघांनी एकच आकडा टाकू नये, नाहीतर कोण बोललं ते कळणार नाही. तरी माझं मत विचाराल तर अशा वेळी साधं एफएम लावा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम फुगल्या होत्या. अशा दिवसांत वीज आणि इंटरनेट गेलं की हॉटस्पॉट हा नुसता डबा, आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाकडे डिजिटल सेट असेलच असं नाही. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर तर एरवीही मोबाइलची रेंज शोधावी लागते.

प्रश्न (हुक्केरी): माझ्याकडे डी-स्टारचा जुना सेट आहे. त्याला हा आयडी लागेल?

नाही. डी-स्टार ही वेगळी डिजिटल पद्धत, तिच्यात कॉलसाइनच पाठवला जातो, आठ अक्षरांची जागा असते. इंटरनेटवरून दूर बोलायचं असेल तर गेटवेवर कॉलसाइनची नोंदणी तेवढी करा. एनएक्सडीएन या आणखी एका डिजिटल पद्धतीचा सेट घेतलात तर मात्र वेगळा अर्ज करावा लागेल. तिथे १६ च बिट आहेत, त्यामुळे सात आकडी नंबर बसत नाही.