पॅकस्टोनला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न दोन आहेत. चुनखडकांच्या वर्णनात मडस्टोन, वॅकस्टोन, पॅकस्टोन, ग्रेनस्टोन ही नावं येतात, त्यांना पंकाश्म, कणाश्म असे प्रतिशब्द चालतील का? आणि मुळात चुनखडी म्हणावं की चुनखडक?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. चुनखडी हा बोलण्यातला सैल शब्द आहे. खडकालाही तोच आणि मातीत सापडणाऱ्या चुन्याच्या गाठींनाही तोच. खडकाच्या प्रकारांविषयी लिहिताना चुनखडक बरा. डोलोमाइट (कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला कार्बोनेटचा खडक) हाही त्यात धरायचा असेल तर कार्बोनेट खडक म्हणावं.

आता पहिला प्रश्न. ही नावं भूवैज्ञानिक रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ साली मांडलेल्या वर्गीकरणातली आहेत. मड म्हणजे चिखल आणि ग्रेन म्हणजे कण एवढंच धरून प्रतिशब्द केला, तर हा बारीक-जाड कणांचा भेद आहे असं वाटतं. तो भेद दाखवायला वेगळी, जुनी नावं आहेत: कॅल्सिल्युटाइट, कॅल्कॅरेनाइट आणि कॅल्सिरुडाइट. त्यांत चिखल, वाळू आणि दगडगोटे यांचे लॅटिन शब्द दडलेले आहेत. वाळूएवढ्या कणांची वरची मर्यादा २ मिमी, खालची मिलिमीटरचा सोळावा भाग.

डनहॅमचा प्रश्न निराळा होता: खडकाचा भार कोण पेलतंय, चिखल (म्हणजे चुन्याचा बारीक गाळ) की कण (शिंपल्यांचे तुकडे वगैरे)? एका बरणीत गोट्या भरा. त्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. मधल्या फटींत चिखल ओतला तरी गोट्या हलत नाहीत, हा पॅकस्टोन. चिखल न ओतता फटी मोकळ्या ठेवल्या किंवा पुढे त्यांत स्वच्छ कॅल्साइटचे स्फटिक वाढले, तर ग्रेनस्टोन. उलट, आधी चिखल भरून त्यात मोजक्या गोट्या रोवल्या तर त्या एकमेकींना न टेकता चिखलातच तरंगतात, तो वॅकस्टोन. कण १० टक्क्यांहून कमी असतील तर मडस्टोन. जीवांनी जागच्या जागी बांधून काढलेला, म्हणजे प्रवाळभित्तीसारखा, तो बाउंडस्टोन. ही वर्गवारी इतकी टिकली, कारण ती थेट पाण्याची अवस्था सांगते. चिखल राहिला याचा अर्थ पाणी संथ होतं. धुऊन गेला तर लाटा किंवा प्रवाह होते.

इथे एक चूक वारंवार होते. वॅकस्टोन आणि पॅकस्टोन यांच्यामध्ये लोक ५० टक्क्यांची रेघ मारतात. डनहॅमच्या व्याख्येत तिथे टक्केवारीच नाही. गोल कण एकमेकांना टेकायला पुष्कळ लागतात. वाकडे शिंपले मात्र निम्म्याहून बरेच कमी असले तरी एकमेकांत अडकून भार पेलतात. त्यामुळे टक्के मोजण्याआधी टेकलेत का ते पाहायचं. त्यातही सावध राहावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखालचा छेद जेमतेम ०.०३ मिमी जाडीचा असतो. प्रत्यक्षात टेकलेले दोन कण त्या पातळ कापात सुटे दिसू शकतात, आणि मग पॅकस्टोनची नोंद वॅकस्टोन अशी होते.

हातात नमुना असेल तर ताजा फोडलेला पृष्ठभाग ओला करून दहापट भिंगाखाली धरा. मंद, एकसारखा, अपारदर्शक भाग चिखलाचा. चकाकणारे सपाट पैलू कॅल्साइटचे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक जोरात फसफसतो. डोलोमाइट थंड आम्लात जेमतेम बुडबुडे देतो, ओरखडा काढून भुकटी केली की मग फसफसतो.

भूवैज्ञानिक रॉबर्ट फोक यांची चुनखडकांना नावं देण्याची १९५९ची पद्धत शब्दप्रेमींना अधिक आवडेल, कारण तिथे शब्द जोडून नाव तयार होतं. आधी कणाची जात, मग भराव. बारीक चिखल असेल तर मिक्राइट, स्वच्छ स्फटिक असतील तर स्पाराइट. जीवाश्मांचे तुकडे चिखलात असले की बायोमिक्राइट, ओऑइड (चुन्याचे थर चढून झालेले बारीक गोल कण) स्फटिकांत जखडले असले की ओओस्पाराइट. यातल्या ‘ओओ’मागे अंड्यासाठीचा ग्रीक शब्द आहे, हे गोल कण माशाच्या अंड्यांसारखे दिसतात. मिक्राइट हा तर मायक्रोक्रिस्टलाइन कॅल्साइटचा संक्षेप, त्याला भाषांतराची गरजच नाही.

म्हणून माझं मत असं: पंकाश्म नको. तो शब्द वाचला की मराठी वाचकापुढे मातीचा खडक उभा राहतो, चुन्याचा नव्हे. इंग्रजीतही हीच अडचण आहे, म्हणून तिथे जपून लिहिणारे ‘लाइम मडस्टोन’ असं पूर्ण नाव देतात. कणाश्मही नको, कारण पॅकस्टोन आणि ग्रेनस्टोन दोन्ही कणांवर उभे असतात. त्यांतला फरक चिखलाचा आहे. मूळ नावं देवनागरीत तशीच ठेवावीत आणि पहिल्या उल्लेखात खुलासा जोडावा: वॅकस्टोन म्हणजे पंकाधारित, पॅकस्टोन म्हणजे कणाधारित पण चिखल असलेला, ग्रेनस्टोन म्हणजे कणाधारित आणि चिखलविरहित. नावाआधी कणाची जात लावली की वर्णन पुरं होतं: ‘शिंपल्यांचा पॅकस्टोन’, ‘ओऑइडचा ग्रेनस्टोन’.