वकिली सोडण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वकिली बाजूला ठेवून निवडणुकीला उभं राहावं का, असं विचारतोस आणि वर लिंकनचा दाखला देतोस: ओंडक्यांच्या झोपडीतून थेट व्हाइट हाऊस. हे 'थेट' कुठून आणलंस? १८३२ साली तो इलिनॉय राज्याच्या विधानसभेला उभा राहिला आणि पडला. १८३४ ला निवडून आला, सनद मिळाली १८३६ मध्ये. वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकच मुदत काढली आणि १८४९ ला घरी परतला.

त्यानंतरची पाच वर्षं नीट वाच. त्या काळात त्याचं मुख्य काम वकिली. तिथलं कोर्ट गावोगाव फिरायचं आणि त्या फेरीच्या टापूला सर्किट म्हणत; त्याच्या आठव्या सर्किटमध्ये चौदा काउंट्या, म्हणजे जिल्हे. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्यामागे वकिलांचा तांडा, वसंतात नि शरदात गावोगाव फिरायचा. खाणावळीत एका बिछान्यावर दोघं झोपायचे. पक्षकार बऱ्याचदा कोर्टाच्या दारातच भेटे आणि खटला लगेच उभा राही. उधारी, जमीन, डुकरं, अब्रुनुकसानी, असलीच प्रकरणं. समोर ज्यूरी, म्हणजे आसपासचे शेतकरी. त्यांच्यापुढे लिंकन सहा मुद्दे विरोधकाला खुशाल देऊन टाकायचा आणि ज्या सातव्यावर खटला उभा असे तो धरून बसायचा, असं त्याच्याबरोबर फिरलेल्या लेनर्ड स्वेटनं सांगितलंय. त्याच सुमारास युक्लिडची भूमितीची सहा पुस्तकंही जवळपास पचवली. एखादी गोष्ट सिद्ध झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला मुळातून समजून घ्यायचं होतं.

(तो गरिबांची फुकट वकिली करायचा, या समजातही राहू नकोस. इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं फी द्यायला खळखळ केली, तेव्हा आपल्याच अशिलावर दावा लावून त्यानं पाच हजार डॉलर वसूल केले.)

मग १८५४ मध्ये सिनेटर डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली. ऑक्टोबरात पिओरियाला लिंकन तीनेक तास बोलला. ते भाषण वाच. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्यांना जे द्यायचं ते आधी देऊन टाकतो आणि मग एका मुद्द्यावर ठाण मांडतो. मला त्यात सर्किटमधला वकीलच दिसतो.

पण १८४७ चं मॅटसन प्रकरणही वाच. गुलामगिरी चालणाऱ्या केंटकी राज्यातल्या मॅटसन नावाच्या मालकानं आपले गुलाम, ती बंद असलेल्या इलिनॉयमधल्या शेतावर राबायला आणले होते. जेन ब्रायंट आणि तिची मुलं सुटका मागत होती आणि लिंकन उभा राहिला मालकाच्या बाजूनं. तो हरला, ती माणसं सुटली. वकिलानं येईल तो पक्षकार घ्यावा, असं त्याचं समर्थन करतात. मला ते पुरतं पटत नाही. उद्या मतं मागायला जाशील तेव्हा तुझी वकीलपत्रंही लोकांना आठवतील, एवढं धरून चाल.

ही निवडणूक सोड. आपल्याकडे ज्यूरी नाही, पण तालुका कोर्टात तारखेला आलेली माणसं ऐकत असतातच. तुझ्या त्या बांधाच्या दाव्याचे कागद पाठव. त्यातले कुठले मुद्दे समोरच्याला देऊन टाकता येतील, तिथं पेन्सिलीनं खूण कर.