वाडा की हवेली?

मेणवलीतील नाना फडणविसांच्या निवासस्थानाला ‘वाडा’ म्हणावे की ‘हवेली’, आणि हे दोन शब्द समानार्थी आहेत काय, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. वाडाच म्हणावे. वाईजवळच्या त्या लहानशा गावात कृष्णाकाठी उभ्या असलेल्या वास्तूला कोणी ‘मराठा हवेली’ म्हटले की मला दर वेळी चीड येते, कारण घरचा शब्द जागेवर नांदत असताना उसना आणण्याचे काही प्रयोजनच नाही.

‘वाडा’ आला तो संस्कृत ‘वाटक’ या शब्दापासून. वाट, वाटक म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने घेरलेली जागा. रस्ता या अर्थाच्या ‘वाटे’शी त्याची गल्लत करू नये. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला आणि शेवटचा ‘क’ गळाला, म्हणजे ‘घोटक’चा ‘घोडा’ झाला तसाच ‘वाटक’चा ‘वाडा’, आणि ‘वाटिके’ची ‘वाडी’. म्हणूनच गुरांचाही वाडा असतो आणि कुंभारवाडा म्हणजे एका कुंभाराचे घर नसते. याहून बोलका पुरावा धनगरांपाशी आहे: मेंढरे, घोडी आणि बायकापोरे घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या आपल्या तळाला ते ‘वाडा’च म्हणतात, आणि त्या वाड्याला चिरेबंदी भिंतही नसते आणि माडीही नसते. श्रीमंताचे मोठे घर हाच मूळ अर्थ आणि बाकीचे सारे त्याचे विस्तार, असे मानणाऱ्या विद्वानांनी या धनगरी वाड्याची संगती कशी लावायची ते एकदा सांगावे.

माझ्या मते कुंपणाची ही आठवण बांधकामातही टिकून राहिली आहे. मेणवली गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले, आणि तेथे त्यांनी उभारलेल्या वाड्यात एक-दोन नव्हे, सहा चौक आहेत. सोपे आणि दालने या चौकांना वेढून बसली आहेत. आधी अडवलेली मोकळी जागा आणि मग तिच्याभोवती छप्पर, असा जो क्रम शब्दाच्या इतिहासात दिसतो तोच तिथे पायांखाली येतो.

राहिली ‘हवेली’. हा शब्द अरबी-फारसीतून आला, भोवतालचा प्रदेश या अर्थाशी जोडलेला. महसुली व्यवहारात मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत, आणि पुण्याभोवतीच्या हवेली तालुक्याने तो अर्थ अजून जपला आहे.