पाणी येतं का, असं विचारू नकोस

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत लॅबमध्ये लागलीस, एक जुलैला हजर व्हायचंय, हे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. दलालानं पाठवलेले चिपळूणच्या तीन जागांचे फोटोही त्यांनी मला पाठवले. बाजारपेठेजवळचा तळमजला तुला आवडलाय म्हणे. भाडं कमी, रंग नवा, दारात रिक्षा.

फोटो मोठा करून पाहिला. रंग छानच आहे. आता स्वयंपाकघराचं दार बघ. वरचा अर्धा भाग धड आहे, खालचा फुगून चौकटीला घासतोय. भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्याचं प्लायवूड पापुद्र्यासारखं सुटलंय. आणि लाइटचं बटण तुझ्या डोक्याच्या वर आहे. बटणं एवढ्या उंचावर हौसेनं कोणी बसवत नाही गं, पुराला भिऊन बसवतात.

आपण दुष्काळी जतकडची माणसं. पाऊस आला की आपण अंगणात जाऊन उभे राहतो, भिजतो, लेकरांनाही भिजवतो. पाण्याला भ्यायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. मी इथं चिपळूणला १९९८ साली आलो तेव्हा तुझ्यासारखाच होतो. मंडई जवळ, स्टँड जवळ, म्हणून तळमजला घेतला. घरमालकांना रीतसर विचारलं होतं, "पाणी येतं का हो?" ते म्हणाले, "छे, आमच्याकडे नाही येत." खोटं बोलले नव्हते ते. पायरीला लागून परत जातं त्याला ते पाणी म्हणतच नसत, एवढंच.

२६ जुलै २००५. पाणी दारातून येईल म्हणून मी उंबऱ्याला पोती लावून बसलो होतो. ते आलं न्हाणीच्या मोरीतून. आधी बुडबुड आवाज, मग काळं पाणी, मग मोरीची जाळीच उचलली गेली. तासाभरात गॅसचं सिलिंडर घरात तरंगत होतं. तुझ्या काकूनं तान्ह्या पोराला घेऊन वरच्यांकडे धाव घेतली, मी ट्रंक उचलायला मागं राहिलो आणि ती उचलली नाहीच. दहावीपासूनची माझी सगळी सर्टिफिकेटं त्या ट्रंकेत होती. पाणी दुसऱ्या दिवशी गेलं, चिखलाचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

तू सांगलीत शिकलीस, तेव्हा म्हणशील, काका, पूर मीही पाहिलाय. पाहिलायस, पण कृष्णेचा. कृष्णा सांगून येते. आयर्विन पुलाखालचे आकडे माणसं सकाळ-संध्याकाळ वाचतात आणि त्या हिशोबानं सामान हलवतात. २०१९ साली ५७ फुटांवर पाणी गेलं, तरी ते चढायला काही दिवस लागले होते. चिपळूणच्या वाशिष्ठीला एवढी सवड नाही. सह्याद्रीच्या कड्यापासून खाडीपर्यंत तिची धाव ती केवढीशी! घाटावर रात्री कोसळला की पहाटे गावात. त्यात शिवनदी शहराच्या पोटातूनच वाहते. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर कोळकेवाडीहून याच नदीत सोडतात, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच्या हिशोबानं. (आपल्याकडे टँकर आणि तिकडचंच पाणी इकडं समुद्राला, यावर बाबांशी माझं बोलणं नेहमीच लांबतं, ते आता नको.) आणि या सगळ्याच्या वर भरती. भरतीच्या वेळी खाडी नदीचं पाणी घेत नाही, मागं ढकलते. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. त्या दिवशी बाजारपेठेतले तळमजले बुडाले, माणसं पत्र्यांवर नि गच्च्यांवर बसून राहिली.

तेव्हा जागा बघताना "पाणी येतं का" हे विचारूच नकोस. त्याला उत्तर "नाही" असंच मिळतं. "पाच साली कुठवर आलं होतं, एकवीस साली कुठवर?" असं विचार. की लगेच समोरच्याचा हात वर जातो आणि भिंतीवर टेकतो. कमरेला, छातीला, पंख्याला. चिपळूणकर हे कधी विसरत नाहीत, फक्त आपणहून सांगत नाहीत. दलालाला विचारून उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचार, इस्त्रीवाल्याला विचार, गॅस पोचवणाऱ्या पोराला विचार. त्या पोराला गल्लीतली प्रत्येक पायरी माहीत असते. नकाशावर पूररेषाही आहेत. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण मी इथं आल्यापासून सोळा वर्षांच्या अंतरानं दोन मोठे पूर पाहिलेत, त्यामुळं माझा वाण्याच्या हातावर जास्त विश्वास.

मग घाबरून उगाच डोंगरावर चढू नकोस. तिसरा फोटो आहे ना, नवी इमारत, मागं हिरवंगार? ती हिरवळ बघायला मागच्या बाजूला जा. डोंगर जेसीबीनं उभा कापलाय, तांबडी माती उघडी पडलीय आणि भिंत इमारतीपासून दोन हातांवर आहे, असं दिसलं तर चहा न घेता परत ये. २०२१ च्या त्याच पुराच्या दिवसांत परशुराम घाटाखालच्या पेढ्यात दरड आली आणि खेड तालुक्यात पोसऱ्याला तर घरंच्या घरं गाडली गेली. उतारावरची जुनी चिऱ्याची घरं बघ, ती बांधणाऱ्यांनी पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठून वाहतो ते बघून जोतं घातलेलं असतं.

राहता राहिला घाट. लोटे आहे परशुराम घाटाच्या पलीकडं आणि तू अलीकडं, म्हणजे रोज दोनदा घाट. २०२२ मध्ये रुंदीकरणासाठी तो रोज काही तास बंद ठेवायचे, पावसात दरडींमुळं बंद झाला तो वेगळा. मग गाड्या चिरणी-आंबडसच्या अरुंद रस्त्यानं. लोट्यातच राहावं म्हणशील तर कारखान्यांचा वास आठ तास पुरे, झोपेतही कशाला? खेडला जगबुडी आहे, तिचं नाव वाच आणि काय ते समज. माझं मत चिपळूणचंच. पहिला मजला किंवा वर, आणि कंपनीची बस जिथं थांबते तिथून चालत येण्याजोगं. बस बहादूरशेख नाक्यावर थांबते की आणखी कुठं, ते आधी कंपनीत विचारून घे. रात्री नऊला, भर पावसात, रिक्षा नसताना ते अंतर कसं वाटेल, तसं मोज.

पश्चिमेच्या भिंतीला लागून पलंग किंवा पुस्तकं नकोत. इथला पाऊस आडवा येतो, भिंत आतून गार लागली की समजायचं ओल मुरली. गच्चीवर पत्रा आहे का ते बघ, नाहीतर वरचा मजला घेऊन छतातून भिजशील. आणि एवढं पाणी असूनही मे महिन्यात उंचावर नळाला धार नसते, तेव्हा इमारतीला विहीर आहे का हेही विचार. "एकटीच राहणार का, मटण-मासे करणार का" असं मालकीणबाई विचारतील. राग धरू नकोस. "करणार" म्हणून स्वच्छ सांग, नंतर चोरून कढईत शिजवण्यात मजा नाही.

अकरा महिन्यांचा करार मात्र आत्ता फोटोवरून करू नकोस, दलालाला टोकनही पाठवू नकोस. जुलैत येतेयस हे बरंच झालं, जागा खऱ्या रूपात दिसतील. पंधरा दिवस आमच्याकडं राहा. काकूनं मागची खोली रिकामी केलीय. रविवारी पाऊस जोरात असेल तेव्हा आपण दोघं छत्र्या घेऊन निघू आणि तिन्ही जागा बघू.

कराडहून कुंभार्ली घाटानं येणारी एसटी दिवसाउजेडाची धर. चामड्याच्या चपला आणू नकोस, आठवड्यात बुरशी धरतात. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळ आणि बॅगेत वर ठेव, हाताला लागतील अशी.

तुझा,
काका