जुन्या ट्रकचा केबिन हीटर कोमटच हवा देतो, मेकॅनिक हीटर कोर बदला म्हणतोय. बदलू का?

लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी बारा-तेरा वर्षं जुनी आहे, मार्केट यार्डातून माल भरून थंडीत इंदूर-ग्वाल्हेरच्या पुढे जाते. उभ्या गाडीत हीटर बऱ्यापैकी गरम हवा देतो, हायवेला लागलं की हवा कोमट होते आणि पहाटे काचेवर वाफ धरते. ब्लोअर मात्र जोरात चालतो. ही लक्षणं मला कोर चोकअप झाल्याची, म्हणजे आतून तुंबल्याची, वाटत नाहीत. कोर काढायचा म्हणजे बहुतेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि जुनं प्लॅस्टिक त्यात हमखास तडकतं. मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत जड गाड्यांचं काम करतो. माझ्याकडे हीटरची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा कोर आधी कुणीतरी बदललेला असतो, आणि तक्रार तशीच असते.

या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) एका होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) पलीकडे छोट्या रेडिएटरसारख्या कोरमध्ये जातं, ब्लोअर त्यावरून हवा फुंकतो आणि कूलंट दुसऱ्या होजने परत येतं. त्यामुळे तीन गोष्टी बघायच्या: इंजिनात पाणी पुरेसं तापतंय का, ते कोरमधून फिरतंय का, आणि हवा कोरवरून जातेय का. हे सगळं डॅशबोर्डला हात न लावता कळतं.

तुमच्या बाबतीत पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. तो उघडा अडकलेला असेल, किंवा जागेवरच नसेल. आपल्याकडे हे फार होतं. उन्हाळ्यात भरलेली गाडी खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा वर जातो, कुणीतरी म्हणतं, "थर्मोस्टॅट काढून टाका, टेन्शनच नको." काटा खाली येतो, मालक खूश होतो आणि गोष्ट विसरली जाते. पुण्यात वर्षातले दहा महिने हीटरला कुणी हात लावत नाही, म्हणून ते कळतही नाही. मग डिसेंबरात गाडी उत्तरेला जाते. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत मोठ्या रेडिएटरमधून फिरतं. गाडी उभी असते तेव्हा समोरून वारा नसतो, म्हणून पाणी थोडंफार तापतं. वेग धरला की थंड वारा ते पुन्हा गार करतो. डिझेल इंजिन कमी लोडवर मुळातच कमी तापतं, त्यामुळे रिकामी गाडी असेल किंवा घाट उतरत असाल तर हवा आणखी गार येते.

खात्री करायला खर्च नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या टाकीला जाणाऱ्या जाड होजवर हात ठेवा. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन तापत असतानाही हा होज बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. तो जागेवरच नसेल किंवा उघडा अडकला असेल तर होज सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट व्हायला लागतो. थर्मोस्टॅट काढून बघायचा असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवा. अंगावर आकडा छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांत 82 च्या आसपास. त्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून गाडी चालवणं मला अजिबात पटत नाही, आणि हे फक्त हीटरपुरतं नाही. इंजिन कायम थंड राहिलं की अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, लायनर-रिंगा लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि घाटात गाडी उलट जास्त गरम होते. काटा वर जात होता त्याचं खरं कारण बहुतेक रेडिएटर, फॅन, बेल्ट किंवा वॉटर पंपात असणार. ते शोधायला हवं होतं.

थर्मोस्टॅट ठीक निघाला तर पुढची तपासणी फायरवॉलमध्ये शिरणाऱ्या दोन बारीक होजची. इंजिन पूर्ण तापू द्या, नॉब पूर्ण गरमकडे, ब्लोअर फुल. मग दोन्ही होजना हात लावून बघा, आधी बोटाने चटकन, कारण चटका बसण्याइतकं पाणी गरम असतं. दोन्ही चांगले गरम असतील आणि हवा तरी गार येत असेल, तर पाणी फिरतंय, दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोर तुंबलाय किंवा हीटरचा कॉक (कोरकडे जाणारं पाणी चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाही किंवा कूलंट कमी आहे.

कॉक आधी बघा. उन्हाळ्यात केबिन तापू नये म्हणून कुणीतरी तो हाताने बंद करून ठेवतं, किंवा नॉबपासून येणारी केबल क्लिपमधून निसटलेली असते. एकाने नॉब फिरवायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं की कॉकचा दांडा हलतोय का. ज्या गाड्यांत कॉक नसून डॅशबोर्डच्या आत फ्लॅप असतो, तिथे नॉब टोकाला नेल्यावर फ्लॅप आपटल्याचा आवाज यायला हवा. कधी कधी दोन्ही होज एकमेकांना जोडून कोर बाजूलाच टाकलेला असतो. जुनी गाडी घेतली असेल तर हे नक्की बघा.

कोर खरंच तुंबलेला निघाला तर तो का तुंबला हेही बघा. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची सवय अजून गेलेली नाही. गळतीच्या भोकात जाऊन बसणारी हळद कोरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. दुसरं कारण बोअरचं पाणी. कूलंट न घालता वर्षानुवर्षं क्षाराचं पाणी भरलं की आत थर धरतो आणि गंज त्यात मिसळतो.

तरीही बदलण्याआधी एकदा फ्लश करा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही होज सोडवा, आणि पाणी ज्या होजने बाहेर येतं त्या बाजूने साधा बागेचा पाइप लावून उलटं पाणी सोडा. आधी चहाच्या रंगाचं पाणी येईल, मग तपकिरी पापुद्रे, कधी पिवळट गाळ. दिशा बदलत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि धार मोकळी होईपर्यंत. टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर लावू नका. कोर साधारण एका बारच्या दाबावर काम करतो, तो कॉम्प्रेसर आठ-आठ बार देतो, एका झटक्यात जोड फुटेल. निघालेलं कूलंट गटारात किंवा रस्त्यावर सोडू नका. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. डबक्यात राहिलं तर गुरंही.

भरताना कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, सहसा निम्मं-निम्मं. मग एअर काढायची, आणि इथेच बरेच जण घाई करतात. हीटर कोर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, हवा तिथेच अडकते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना उटी (दगड किंवा ठोकळे) लावा. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, नॉब गरमकडे ठेवून इंजिन आयडलला चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घाला आणि झाकण लावा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, झाकण फिरताच उकळतं पाणी तोंडावर येतं. एअर पुन्हा पुन्हा धरत असेल, बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या. आणि आयडलला गार पण रेस दिल्यावर गरम हवा, म्हणजे तुमच्या नेमकं उलट असेल, तर पाणी कमी, एअर किंवा वॉटर पंप थकलेला.

ब्लोअरचं तुमच्याकडे ठीक आहे, म्हणून एवढंच: फक्त सर्वांत जोरात चालतो आणि कमी स्पीडवर बंद, तर रेझिस्टर (ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग) जळालाय. अजिबात चालत नसेल तर आधी फ्यूज आणि कनेक्टर बघा.

काचेवरची वाफ मात्र नीट बघा. बोट फिरवल्यावर चिकट, तेलकट थर लागत असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, पायाशी कार्पेट ओलं असेल, तर कोर गळतोय. अशा वेळी तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, कोर बदला, चालढकल करू नका. साधी वाफ असेल तर बाहेरची हवा आत घेणारा फ्लॅप उघडा ठेवा. आतलीच हवा फिरत राहिली तर दोन माणसांच्या श्वासानेच काच भरते.

तोपर्यंत एक गोष्ट कळकळीने सांगतो, ड्रायव्हर-क्लीनरलाही सांगा. हीटर चालत नाही म्हणून केबिनमध्ये शेगडी पेटवून काचा बंद करून झोपायचं नाही. सायलेन्सर कुठे फुटका असेल तर इंजिन चालू ठेवूनही झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आत सगळं संपतं. हीटर दुरुस्त होईपर्यंत दोन चांगल्या रजया गाडीत ठेवा.

उद्या सकाळी गार इंजिनवर तो वरचा होज तपासा आणि काय आढळलं ते इथे लिहा. गाडीचं मॉडेल आणि इंजिनही लिहा, म्हणजे थर्मोस्टॅट नेमका कुठे बसतो ते सांगता येईल.