ऑटिझम असलेल्या माणसानं ऑफिसातल्या गप्पा आणि राजकारण कसं निभवावं?

गप्पांचं सोपं आहे. आमच्या लातूरकडं विषय ठरलेले: पाऊस झाला का, सोयाबीन काय भावानं दिली, नळ कितव्या दिवशी आला. एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि तोच प्रश्न उलटा विचारायचा. पुढं समोरचाच बोलत राहतो. "गाव कोणतं, आडनाव काय?" विचारणारा जात काढत असतो, हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. तोवर मी पिनकोडसकट पत्ता द्यायचो.

राजकारण जमत नाही, आणि जमावं असं वाटतही नाही. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला आहे. मागं एका टेबलवाल्यानं एक अर्ज आणून ठेवला. "मागच्या आठवड्यातल्या नंबरला 'अ' लावून घे. साहेबांना माहितंय." (म्हणजे आजचा अर्ज मागच्या आठवड्यातच आल्यासारखा दिसणार.) माहितंय म्हटल्यावर मी रजिस्टर उचललं, थेट केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, "साहेब, 'अ' कोणत्या नंबरला लावू?" समोर पाहुणे बसलेले. साहेब आधी माझ्याकडं, मग त्या टेबलवाल्याकडं बघत राहिले. "आजच्या तारखेत घ्या," एवढंच म्हणाले. नंतर बरेच दिवस मला कुणी चहाला बोलावलं नाही. बरंच झालं.

आमचे दाजी तेव्हापासून म्हणतात, तुला माणसं कळत नाहीत, इशारा समजून घ्यायला शिक. का शिकू? इशाऱ्यावर चालणाऱ्यांच्याच नोंदींवर पुढं ऑडिटवाल्यांनी आक्षेप काढले, माझ्या रजिस्टरवर नाही. दाजींना हे सांगितलं की ते जेवायला काय आहे विचारतात.

तुम्ही एवढंच करा: तोंडी सांगितलेलं काम "लिहून देता का?" म्हणून मागा. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम 20 नुसार सरकारी आस्थापनेनं गरजेप्रमाणं अशी वाजवी सोय करून द्यायची असते. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणाला आहे, या सोयीला नाही. प्रमाणपत्रावर टक्के कमी पडले म्हणून गप्प बसू नका.

हां, खाजगीत असाल तर माझ्यासारखं रजिस्टर घेऊन केबिनमध्ये शिरू नका, घरी बसवतील. तिथं कलम 21 धरा: समान संधी धोरण खाजगी कंपनीलाही ठेवावं लागतं. एचआरकडं त्याची प्रत मागा, तीही मेलवरच.